शंभर डॉलरची रेघ

आपल्याकडे देवळात देणगीदारांची पाटी असते. नाव, गाव, रक्कम. त्यात मधेच एखाद्या ओळीत नुसतंच 'गुप्तदान' असं लिहिलेलं असतं आणि का कोण जाणे, त्या ओळीबद्दल आपल्याला अंमळ जास्तच आदर वाटतो. या हाताचं त्या हाताला कळू न देणारा कुणीतरी भला माणूस! देवाच्या बाबतीत हे ठीकच आहे, कारण देवाला कंत्राटं वाटायची नसतात आणि कायदेही करायचे नसतात. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाला दिलेलं गुप्तदान मात्र निराळी चीज आहे. ते फेडावं लागतं, आणि फेडताना कुणाचं फेडलं हे बाकीच्यांना दिसत नाही.

हे सगळं डोक्यात आलं ते अमेरिकेतल्या एका वादामुळे. उमेदवाराने बिटकॉइनमध्ये, म्हणजे ज्याला आपली वर्तमानपत्रं कूटचलन किंवा आभासी चलन म्हणतात त्यात, देणगी घ्यावी की नाही यावर तिथल्या राज्याराज्यांनी गेल्या दहा-बारा वर्षांत वेगवेगळे नियम केले. कुणी बंदी घातली, कुणी परवानगी दिली, कुणी आधी बंदी घालून मग उठवली. वरवर पाहता हा कॉम्प्युटरवाल्या मुलांचा विषय. मी जन्मभर इतिहास शिकवलेली बाई, त्यामुळे मी त्याच्याकडे मागच्या दाराने गेले. आत शिरल्यावर दिसलं की घर चांगलंच जुनं आहे. निदान १९७२ इतकं तरी.

त्या वर्षी ७ एप्रिलला अमेरिकेत निवडणूक देणग्यांचा नवा कायदा लागू झाला. त्या तारखेपासून मोठ्या देणगीदारांची नावं जाहीर करणं भाग होतं. रिचर्ड निक्सन राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या मुदतीसाठी उभे होते. कायदा लागू झाल्यावर तीनच दिवसांनी, १० एप्रिलला, निक्सन यांच्या प्रचाराचे खजिनदार मॉरिस स्टॅन्स यांच्याकडे एक ब्रीफकेस पोचली. आत दोन लाख डॉलर, सगळ्या शंभराच्या नोटा. पाठवणारा रॉबर्ट वेस्को, शेअरबाजाराच्या व्यवहारांवरून सरकारी चौकशीत सापडलेला. या प्रकरणात स्टॅन्स आणि जॉन मिचेल यांच्यावर खटला झाला आणि १९७४ मध्ये ते दोघे निर्दोष सुटले, हेही सांगायला हवं. वेस्को मात्र देश सोडून गेला तो परत आलाच नाही.

मग १७ जून १९७२. वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण पकडले गेले, आणि त्यांच्याकडे सापडल्या कोऱ्या, ओळीने क्रमांक असलेल्या शंभराच्या नोटा. त्या क्रमांकांचा माग काढत तपास फ्लोरिडातल्या एका बँकखात्यापर्यंत गेला. त्या खात्यात पंचवीस हजार डॉलरचा एक चेक जमा झाला होता आणि त्या चेकवर केनेथ डालबर्ग हे नाव होतं. डालबर्ग निक्सन यांच्या प्रचारासाठी पैसे गोळा करणारे. नाव मिळालं आणि पुढचं सगळं जाळं उकलायला सुरुवात झाली. वर्गात वॉटरगेट सांगताना मी नेहमी या चेकपाशी थांबत असे. पोरांना टेपरेकॉर्डिंगमध्ये रस असायचा. मला चेकमध्ये.

आणखी एक पात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. न्यूयॉर्कचे एक निवृत्त पोलीस, टोनी उलासेविच. पकडल्या गेलेल्यांची तोंडं बंद ठेवायला जो पैसा वाटला गेला तो पोचवण्याचं काम यांच्याकडे. नोटा कागदी पिशवीतून नेणं, विमानतळावरच्या लॉकरमध्ये ठेवणं, आणि प्रत्येक वेळी सार्वजनिक फोनवरून बोलणं. फोनसाठी नाणी इतकी लागायची की खिसे फाटायला आले, म्हणून त्यांनी बसकंडक्टर कमरेला लावत तसं नाणी पाडायचं यंत्रच विकत घेतलं! १९७३ मध्ये सिनेटच्या समितीसमोर त्यांनी हे अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं तेव्हा सगळं सभागृह हसलं होतं.

असो. मुद्दा असा की पैशाला स्वतःचं तोंड नसतं. चेकला असतं. रोख रकमेचा हा गुण (की अवगुण) लोकांना तेव्हा नीट समजला, आणि १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा दुरुस्त करून एक रेघ ओढली: एका माणसाने एका उमेदवाराला शंभर डॉलरच्या वर रोख द्यायचे नाहीत. त्याहून जास्त द्यायचे तर चेकने द्या, म्हणजे नाव राहील. त्याच दुरुस्तीने केंद्रीय निवडणूक आयोग स्थापन झाला. गंमत म्हणजे शंभराची ती रेघ आजही तिथेच आहे. पन्नास वर्षांत महागाई कुठल्या कुठे गेली, रेघ हलली नाही.

कॅलिफोर्निया तर केंद्राच्याही आधी जागं झालं होतं. निक्सन मूळचे तिथलेच. ४ जून १९७४ ला, म्हणजे निक्सन यांच्या राजीनाम्याच्या दोन महिने आधी, तिथल्या मतदारांनी 'प्रपोझिशन ९' नावाचा कायदा थेट मतदानाने मंजूर केला, सुमारे सत्तर टक्के मतांनी. त्यातून फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशन नावाचा राज्याचा आयोग आला. उमेदवाराला कुणी किती दिले याची चोख नोंद ठेवून घेणं आणि ती लोकांसमोर ठेवणं हे त्याचं मुख्य काम. शंभर डॉलर किंवा त्याहून जास्त रोख देणगी त्या राज्यातही मना. मी या आयोगाला मनातल्या मनात 'पावतीपुस्तकवाले' म्हणते. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब ज्याने कधी ठेवला आहे त्याला पावतीपुस्तकाची महती सांगायला नको. पावती फाडून दिली तरी तिची दुसरी प्रत पुस्तकात राहते, आणि सगळी इभ्रत त्या राहिलेल्या प्रतीत असते.

आता बिटकॉइनकडे येते. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये 'सातोशी नाकामोतो' या नावाने कुणीतरी इंटरनेटवर एक लेख प्रसिद्ध केला आणि जानेवारी २००९ मध्ये हे चलन सुरू झालं. सातोशी म्हणजे नक्की कोण हे जगाला अजून ठाऊक नाही, म्हणजे जन्मच गुप्तदानातला म्हणायचा! यात बँक नाही, सरकार नाही. कुणी कुणाला किती दिलं याची एक मोठी खातेवही असते आणि ती जगात हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेली असते. लोकांना वाटतं हा सगळा काळोखातला कारभार आहे. तसं नाही. ही खातेवही कुणालाही उघडून वाचता येते, आणि लिहिलेलं खोडता येत नाही. फक्त तिच्यात नावं नसतात, अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ असते. चावडीवर गावाची खातेवही उघडी ठेवली आहे, पण सगळ्यांची नावं टोपणनावाने लिहिली आहेत, असं समजा. टोपणनाव कुणाचं हे कळलं तर त्या माणसाचा सगळा व्यवहार उघडा. नाही कळलं तर नुसत्या माळा.

म्हणजे हे रोख रकमेसारखं आहे की चेकसारखं? पुढच्या सगळ्या नियमांची भांडणं या एका प्रश्नावर झाली. माझ्या मते ते दोन्हींसारखं नाही, आणि म्हणूनच एवढा गोंधळ झाला.

पहिला गोंधळ केंद्राच्या पातळीवर. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये एका राजकीय समितीने निवडणूक आयोगाला विचारलं, बिटकॉइन घेऊ का? सहा सदस्यांचा आयोग तीन विरुद्ध तीन असा अडला. मग 'मेक युवर लॉज' नावाच्या दुसऱ्या समितीने प्रश्न शहाणपणाने विचारला. आम्ही एका देणगीदाराकडून दर निवडणुकीला शंभर डॉलरपर्यंतचेच बिटकॉइन घेऊ, त्याचं नाव, पत्ता, नोकरी-धंदा लिहून घेऊ, आणि तो परदेशी नागरिक नाही असं त्याच्याकडून वदवून घेऊ. मग चालेल का? ८ मे २०१४ ला आयोगाने एकमताने होकार दिला. शंभरचा आकडा कुठून आला हे आता मी सांगायला नको. पण होकार एकमताने दिला तरी त्याचा अर्थ एकमताने लागला नाही. काही सदस्य म्हणाले शंभर ही कमाल मर्यादा आहे, तर तेव्हाचे अध्यक्ष ली गुडमन यांचं म्हणणं की तो आकडा त्या समितीने स्वतःवर घालून घेतला होता, इतरांना तो लागू नाही. आमच्या शाळेतल्या शिक्षकसभेत ठराव असेच एकमताने होत!

त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट ठरली. बिटकॉइन ही रोख देणगी नाही, वस्तुरूप देणगी आहे, जसे शेअर. ज्या दिवशी मिळाली त्या दिवसाची बाजारातली किंमत धरायची. देणगी म्हणून कुणी सोन्याचं वळं दिलं तर आपण त्या दिवशीचा भाव लिहून ठेवू, तसंच. सोनं निदान एका दिवसात शहाण्यासारखं वागतं. बिटकॉइन २०१७ च्या डिसेंबरात वीस हजार डॉलरच्या घरात गेलं आणि पुढच्या वर्षभरात चार हजारांच्याही खाली उतरलं. त्या सुमारास केंद्रीय उमेदवाराला एका माणसाने एका निवडणुकीसाठी द्यायची मर्यादा २,७०० डॉलर होती. सकाळी मर्यादेत असलेली देणगी संध्याकाळी मर्यादेबाहेर गेली तर गुन्हा कुणाचा? म्हणून मिळाल्या क्षणाचा भाव.

हा निर्णय फक्त केंद्रीय निवडणुकांपुरता, म्हणजे राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस. गव्हर्नर, राज्याची विधिमंडळं, महापौर यांचे नियम ज्या त्या राज्याचे. तिथे पन्नास तऱ्हा. टेनेसीने २०१५ मध्ये सरळ कायदाच केला आणि केंद्राच्या उलट सांगितलं: ही पैशाचीच देणगी समजा, मिळाल्या वेळचा भाव लिहा, आणि ठेवून दिल्यावर भाव वाढला तर ती वाढ व्याज म्हणून दाखवा. खर्च करायच्या आधी मात्र विकून पैसे प्रचाराच्या खात्यात जमा करा. मला हा कायदा वाचून टेनेसीच्या आमदारांचं कौतुक वाटलं. प्रश्न कुटाण्याचा होता, त्यांनी दोन-चार वाक्यांत मिटवला. वस्तू की पैसा या घोळात केंद्र अडकलं असताना यांनी घरच्या हिशेबाच्या वहीत बसेल असं उत्तर दिलं.

कॅन्ससच्या नीतिमत्ता आयोगाने २०१७ मध्ये नाही म्हटलं, कारण हे फार गुप्त आहे. नॉर्थ कॅरोलिनाने २०१८ मध्ये एका उमेदवाराला नाही म्हटलं. मिशिगनचं म्हणणं, याची किंमत नेमकी ठरवता येत नाही आणि हे बँकेतल्या खात्यात भरताही येत नाही, तेव्हा नको. कोलोरॅडोत परवानगी. तिथले जेरड पोलिस (आडनावच आहे, गैरसमज नको) हे २०१४ मध्ये काँग्रेसचे सदस्य असताना बिटकॉइन घेणाऱ्या पहिल्या काही जणांत होते, आणि २०१९ पासून ते त्या राज्याचे गव्हर्नर. बऱ्याच राज्यांनी मात्र काहीच म्हटलं नाही. विचारलं तर नियम करावा लागेल, म्हणून कुणी विचारू नये अशी त्यांची इच्छा असावी.

या सुरुवातीच्या मंडळींमधले टेक्सासचे स्टीव्ह स्टॉकमन यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. काँग्रेसचे सदस्य असताना २०१४ च्या सुरुवातीला सिनेटच्या प्रचारासाठी त्यांनी बिटकॉइन घ्यायची घोषणा केली, तेव्हा वर्तमानपत्रांनी भुवया उंचावल्या. पुढे २०१८ मध्ये त्यांना खरंच शिक्षा झाली, दहा वर्षांची, जी २०२० च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कमी केली. पण शिक्षा कशाबद्दल? समाजकार्यासाठी म्हणून घेतलेले सुमारे साडेबारा लाख डॉलर प्रचारावर आणि स्वतःवर खर्च केल्याबद्दल. ते सगळे साधेसुधे डॉलर. बिटकॉइनचा त्यात संबंध नव्हता.

आता कॅलिफोर्नियाची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. सिलिकॉन व्हॅली तिथे, या चलनाचे मोठे व्यापारी तिथे, त्यामुळे हे राज्य आधी परवानगी देईल असं कुणालाही वाटलं असतं. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये पावतीपुस्तकवाल्यांच्या आयोगापुढे विषय आला. पर्याय होते: शंभर डॉलरच्या मर्यादेने घेऊ द्यावं, वस्तुरूप देणगी म्हणून घेऊ द्यावं, किंवा अजिबात नको. आयोगाने तीन विरुद्ध एक मतांनी अजिबात नको म्हटलं.

तेव्हाची हवा आठवा. २०१६ च्या निवडणुकीत रशियाने लुडबुड केल्याचा तपास चालू होता. दोनच महिने आधी, १३ जुलै २०१८ ला, बारा रशियन लष्करी गुप्तहेरांवर अमेरिकेत आरोपपत्र दाखल झालं होतं, आणि त्यात लिहिलं होतं की कॉम्प्युटर भाड्याने घ्यायला वगैरे त्यांनी पंचाण्णव हजार डॉलरहून अधिक रक्कम बिटकॉइनसारख्या चलनांतून फिरवली. अमेरिकेत परदेशी नागरिकाने कुठल्याही निवडणुकीला, अगदी गावच्या शाळामंडळाच्या निवडणुकीलाही, एक डॉलर द्यायची परवानगी नाही. तेव्हा माळेमागचा माणूस कोण हे कळत नसेल तर ती माळ मॉस्कोतली की मोडेस्टोतली हे कसं सांगणार? आयोगाची भीती खोटी नव्हती.

(इथे आपल्या माणसांसाठी एक कंस. सॅन होजेला असलेल्या माझ्या भाच्याला २०२४ मध्ये एका उमेदवाराचा देणगीसाठी मेसेज आला. त्याने हौसेने फॉर्म उघडला तर पहिलाच चौकोन: मी अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे. "मावशी, वीस वर्षं इथे कर भरतोय, पण पंचवीस डॉलर देऊ शकत नाही," असं फोनवर म्हणाला. त्याची ग्रीन कार्डाची रांग अजून संपलेली नाही. एच-वन व्हिसावरची आपली सगळी मुलं या नियमाने परदेशीच. मी त्याला म्हटलं, बाबा रे, नियम बरोबर आहे, तुला लागू होतो म्हणून वाईट वाटतं एवढंच.)

चार वर्षांनी, २१ जुलै २०२२ ला, त्याच आयोगाने बंदी उठवली. या उलट्या निर्णयाची बरीच टिंगल झाली, धनदांडग्यांपुढे मान तुकवली वगैरे. मला मात्र नवा नियम वाचल्यावर तो जुन्यापेक्षा जास्त विचारी वाटला. उमेदवाराने बिटकॉइन स्वतःच्या हातात घ्यायचंच नाही. मधे एक दलाल कंपनी हवी, अमेरिकेच्या अर्थखात्याकडे नोंदलेली. तिने देणाऱ्याची ओळख पटवायची (आपल्याला बँकेने शिकवलेला शब्द, केवायसी), नाव, पत्ता, व्यवसाय, मालक लिहून घ्यायचं, आणि ते बिटकॉइन त्याच वेळी डॉलरमध्ये बदलून डॉलर प्रचाराच्या खात्यात पाठवायचे. म्हणजे देणारा बिटकॉइन देतो आणि घेणारा डॉलर घेतो. भाव वर गेला की खाली, हा प्रश्नच उरत नाही. आणि टोपणनाव मधल्या खिडकीपाशी गळून पडतं.

२०१८ मध्ये आयोगाने विचारलं होतं, हा पैसा कसला आहे? २०२२ मध्ये विचारलं, हा पैसा कुणाचा आहे? १९७४ च्या कायद्याचाही खरा प्रश्न हाच होता. रोख रकमेशी त्या लोकांचं वैर नव्हतं. चेकवर नाव असतं म्हणून त्यांनी चेक मागितला. नाणं, नोट, माळ, काहीही असो, दुसरी प्रत पुस्तकात राहायला हवी.

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण इतिहासाला छान गोष्टींची आवड नाही.

बंदी उठल्यावर चार महिने होतात न होतात तोच, ११ नोव्हेंबर २०२२ ला, कूटचलनाच्या व्यापारातली एफटीएक्स ही प्रचंड कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचा मालक सॅम बँकमन-फ्राइड, वय तीस, कॅलिफोर्नियातच वाढलेला, आईवडील दोघे स्टॅनफर्डला कायद्याचे प्राध्यापक. २०२२ च्या निवडणुकीत हा देशातल्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक होता. त्याच्या नावावर नोंदलेलाच आकडा चार कोटी डॉलरच्या आसपास. नंतर बाहेर आलं की हा पैसा कंपनीत विश्वासाने ठेवलेल्या गिऱ्हाइकांचा होता, आणि त्यातला बराचसा त्याने आपल्या सहकाऱ्यांच्या नावाने दिला होता. निशाद सिंग यांच्या नावाने डेमोक्रॅटिक बाजूला, रायन सलामे यांच्या नावाने रिपब्लिकन बाजूला. दोघांनीही गुन्हा कबूल केला, सलामेला २०२४ मध्ये साडेसात वर्षांची शिक्षा झाली. बँकमन-फ्राइडला गिऱ्हाइकांना फसवल्याबद्दल मार्च २०२४ मध्ये पंचवीस वर्षं. त्याच्यावरचा बेकायदा देणग्यांचा स्वतंत्र आरोप मात्र मागे घ्यावा लागला, कारण बहामाज देशाने त्याला हवाली करताना त्या आरोपाला संमती दिली नव्हती.

आणि हे पैसे दिले कशात? डॉलरमध्ये. बँकेतून. नावासकट! पावतीपुस्तकात सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं, फक्त नाव दुसऱ्याचं होतं. कॅन्सस, मिशिगन, कॅलिफोर्निया यांनी ज्या खिडकीला जाळी बसवली तिच्याजवळ हा माणूस फिरकलाही नाही. समोरच्या दाराने आला, वहीत सही करून गेला. मेल्या माणसाच्या नावाने रेशन उचलणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचं नवल वाटू नये. केवायसी माणूस कोण ते सांगते, त्याच्या खिशात पैसा कुणी घातला ते सांगत नाही.

आपल्याकडच्या निवडणूक रोख्यांची आठवण इथे तुम्हाला होणारच. ते स्टेट बँकेतून, केवायसी करून, शुद्ध रुपयांत विकत घ्यायचे होते आणि तरी मतदाराला नाव कळत नव्हतं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

अमेरिकेत त्याच २०२४ मध्ये तिसराच प्रकार घडला, आणि तो पूर्ण कायदेशीर होता. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बकली खटल्यात म्हटलं होतं की देणगीवर मर्यादा घालता येते, पण स्वतःचं मत मांडायला केलेल्या खर्चावर नाही. २०१० च्या निकालांनी ती वाट कंपन्यांनाही खुली झाली आणि त्यातून 'सुपर पॅक' नावाच्या समित्या जन्मल्या. उमेदवाराच्या हातात पैसा द्यायचा नाही, त्याच्याशी ठरवून काही करायचं नाही. बाहेरून त्याच्या बाजूने किंवा विरोधात हव्या तेवढ्या जाहिराती करायच्या. कॉइनबेस आणि रिपल या कूटचलनातल्या कंपन्या आणि अँड्रीसन होरोविट्झ ही गुंतवणूकदार कंपनी, या तिघांच्या मुख्य पैशावर 'फेअरशेक' नावाची अशी समिती उभी राहिली. त्या निवडणुकीसाठी तिने आणि तिच्या दोन बहीण समित्यांनी मिळून वीस कोटी डॉलरहून जास्त गोळा केले.

त्यातले सुमारे एक कोटी कॅलिफोर्नियातल्या सिनेटच्या जागेसाठी केटी पोर्टर यांच्या विरोधात खर्च झाले. ५ मार्च २०२४ च्या प्राथमिक फेरीत त्या तिसऱ्या आल्या. पैशामुळेच हरल्या असं मी म्हणणार नाही, मैदानात ॲडम शिफ यांच्यासारखा तगडा उमेदवार होता. पण त्या जाहिराती पाहण्यासारख्या आहेत, कारण त्यांत बिटकॉइनचा उल्लेखच नाही. ओहायोत शेरॉड ब्राऊन यांच्याविरुद्ध सुमारे चार कोटी गेले, तेही हरले. ते सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष होते आणि या धंद्यावर कडक नियम असावेत अशा मताचे होते.

यादी चाळताना एक ओळखीचं नाव दिसलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. श्री ठाणेदार. चिकोडीचा जन्म, बेळगावात वाढलेले, 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं आत्मचरित्र आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असेल. २०२३ पासून ते मिशिगनमधून काँग्रेसचे सदस्य आहेत. २०२४ च्या त्यांच्या प्राथमिक निवडणुकीत फेअरशेकच्या बहीण समितीने, 'प्रोटेक्ट प्रोग्रेस'ने, त्यांच्या बाजूने दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च केले. यात बेकायदा काही नाही, असा खर्च उमेदवाराला विचारून करायचाच नसतो. बेळगावातून निघालेला माणूस आणि सातोशी नाकामोतोची माळ हिशेबाच्या एकाच पानावर भेटतील असं मला मात्र स्वप्नातही वाटलं नसतं. मिशिगन म्हणजे तेच राज्य, जिथे राज्याच्या निवडणुकीत उमेदवाराने बिटकॉइन घेऊ नये म्हणतात, कारण त्याची नेमकी किंमत ठरवता येत नाही.

कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये राज्याच्या विधानसभेला उभ्या राहिलेल्या उमेदवाराला एका माणसाने एका निवडणुकीसाठी द्यायची मर्यादा ५,५०० डॉलर होती. कुणी ती बिटकॉइनमध्ये दिली तर ओळखपत्र, पत्ता, व्यवसाय, मालकाचं नाव, दलाल कंपनी, जागच्या जागी डॉलर, असा सगळा सोपस्कार. फेअरशेकने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६ च्या निवडणुकांसाठी त्यांच्याकडे ११ कोटी ६० लाख डॉलर आधीच तयार आहेत.